जुन्या आरएक्स १०० वर बसवलेल्या डिजिटल टॅकोमीटरचा आकडा उड्या मारतो. मीटर बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांची जुनी यामाहा आरएक्स १०० तुम्ही दापोलीत वापरता, तिच्यावर शिफ्ट लाइट (ठरावीक आकड्यावर पेटून गिअर बदलायला सांगणारा दिवा) असलेला डिजिटल टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा मीटर, बसवून घेतला आहे, गाडी नुसती उभी चालू असतानाही त्याचा आकडा उड्या मारतो, हेडलाइट लावला की पडदा मिणमिणतो आणि शिफ्ट लाइट भलत्याच वेळी पेटतो, दुकानदार मीटर बदलून द्यायला तयार आहे, तर बदलून घ्यावा का?

अजून बदलू नका. मी रत्नागिरीत बरीच वर्षे जुन्या दुचाकींचे वायरिंग करतो, आणि तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे मला मीटरच्या बाहेरची, म्हणजे त्याला जोडलेल्या तारांची वाटतात. त्याच तारांवर नवा मीटर बसवला तर तोही असाच वागेल, कदाचित जळेलही.

हेडलाइट लावल्यावर पडदा मिणमिणतो, यावरून तुमच्या मिस्त्रींनी मीटरचा पुरवठा हेडलाइटच्या तारेवरून घेतला असावा, असा माझा अंदाज आहे. ती तार हँडलजवळ सहज हाताशी येते, म्हणून हा मोह होतो. पण त्या काळातल्या बहुतेक लहान गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) लायटिंग कॉईलवर चालतो. त्या तारेत एसी प्रवाह असतो, इंजिन मंद झाले की तो पडतो आणि रेस दिली की चढतो. टॅकोमीटरला मात्र १२ व्होल्टचा स्थिर डीसी प्रवाह लागतो. यामाहाच्या मूळ वायरिंगमध्ये चावी फिरवल्यावर प्रवाह येणारी तार तपकिरी, बॅटरीची लाल, अर्थची काळी आणि सीडीआयकडून (ठिणगीसाठी वीज साठवून सोडणाऱ्या डबीकडून) इग्निशन कॉईलकडे जाणारी नारिंगी असते. मीटरचा धन पुरवठा तपकिरी तारेवरून, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज घालून घ्या. हॉर्न किंवा ब्रेक लाइटच्या स्विचकडे जाणारी तपकिरी तार सोयीची पडते. काळी-पांढरी पट्टेरी तार मात्र इंजिन बंद करण्याची असते, तिला हात लावू नका. इतक्या जुन्या गाडीत मधल्या काळात कोणीतरी हाताला येईल त्या रंगाची तार जोडलेली असते, त्यामुळे रंगावर विसंबू नका आणि प्रत्येक तार मल्टीमीटरने तपासूनच कापा.

याच टप्प्यावर बॅटरीही पाहून घ्या. आरएक्स १०० किकवर सुरू होते आणि तिच्या ठिणगीला बॅटरी लागत नाही, म्हणून आपल्याकडे अनेक गाड्या वर्षानुवर्षे मेलेल्या बॅटरीवर धावतात आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बॅटरी मेली की डीसी तारेतला प्रवाह सपाट राहत नाही, त्यात झटके येतात, आणि व्होल्ट आवरणारा जुना रेग्युलेटर त्यांना पुरा पडत नाही. इंजिन बंद असताना बॅटरीच्या टोकांवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि मध्यम रेसला साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा १५ च्या वर जात असेल, तर आधी रेग्युलेटर आणि मग मीटर, हाच क्रम ठेवा. बॅटरीवर ६ व्होल्ट लिहिलेले आढळले, तर १२ व्होल्टचा मीटर तिच्यावर चालणार नाही.

आता उड्यांकडे वळू. टॅकोमीटर इंजिनाचे फेरे प्रत्यक्ष मोजत नाही, तो ठिणग्या मोजतो. त्यामुळे ठिणगीची खूण त्याच्यापर्यंत किती स्वच्छ पोहोचते यावर सगळे अवलंबून असते. ही खूण घेण्याचे दोन मार्ग आहेत : नारिंगी तारेला थेट जोड देणे, किंवा प्लगच्या जाड वायरीवर सिग्नलच्या तारेचे वेढे देणे. तुमच्या गाडीसाठी मी दुसरा मार्ग सुचवेन. सीडीआयमधला कपॅसिटर कॉईलमध्ये रिता होतो, तेव्हा नारिंगी तारेत क्षणभर शेकडो व्होल्ट असतात. मीटर त्यासाठी बनवलेला नसेल तर तो जातोच, शिवाय ठिणगीही कमजोर पडू शकते. ठिणगीची वेळ सीडीआयला कळवणाऱ्या पिकअप कॉईलच्या तारेला तर कधीच जोडू नका, कारण तिथला संकेत इतका नाजूक असतो की त्याच्यावर भार पडताच इंजिन मिसिंग करू लागते.

वेढे देताना सिग्नलच्या तारेचे आवरण काढायचे नाही. प्लगच्या वायरीवर पाच-सहा वेढे एकमेकांना चिकटून घट्ट द्या, शेवटचे टोक मोकळे ठेवून त्यावर स्लीव्ह चढवा आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा टाय मारा. वेढे सैल असतील तर इंजिनाच्या थरथरीने ते सरकतात आणि आकडा बदलतो. आकडा वरच्या बाजूला उसळत असेल तर एकेक वेढा कमी करत जा. मंद रेसला आकडा मधूनच शून्यावर जात असेल तर वाढवा. तिथून मीटरपर्यंत ही तार वेगळ्या वाटेने न्या. सगळ्या तारांसोबत एकाच टेपमध्ये गुंडाळली, तर हॉर्न आणि इंडिकेटरचे झटकेही ती ठिणगी म्हणून मोजते, आणि शिफ्ट लाइट भलत्या वेळी पेटण्याचे हे नेहमीचे कारण आहे. प्लगची कॅप साधी असेल तर ५ किलोओहम रेझिस्टरची बसवा किंवा रेझिस्टर असलेला प्लग वापरा. एनजीकेच्या प्लगवर त्यासाठी क्रमांकात आर हे अक्षर असते. एवढ्या एका बदलाने उड्या थांबलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत.

आकडा स्थिर आहे, पण बरोबर दुप्पट किंवा निम्मा आहे, असे आढळले तर तो वायरिंगचा नव्हे, सेटिंगचा दोष समजावा. तुमच्या टू-स्ट्रोक, एक सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडते, म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्यांना) सेकंदाला ५०. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या बुलेटमध्ये पॉइंटचा कॅम निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते, आणि बुलेटसाठी लावलेला मीटर तसाच आरएक्सवर चढवला तर तो दुप्पट दाखवतो. मीटरच्या मेन्यूत दर फेऱ्याला एक ठिणगी हा पर्याय निवडा.

सेटिंग बरोबर आहे का हे पाहण्यासाठी दुसरा मीटर लागत नाही, चोकवाली जुनी ट्यूबलाइट पुरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. मॅग्नेटचे झाकण काढा, मॅग्नेटवर खडूने एकच ठळक रेघ ओढा आणि रात्री, बाकीचे दिवे बंद करून, हवा खेळती असलेल्या पडवीत फक्त त्या ट्यूबच्या उजेडात इंजिन चालवा. रेस हळूहळू वाढवत नेली की एका क्षणी समोरासमोर दोन रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. तेव्हा इंजिन ३००० वर असते. त्याआधी १५०० ला चार आणि २००० ला तीन रेघा थांबलेल्या दिसतात. त्या क्षणी मीटर काय म्हणतो ते वाचा. रेघ स्थिर दिसली तरी मॅग्नेट जोरात फिरत असतो, म्हणून बोटे, बाही आणि ओढणी दूर ठेवा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

अर्थ आणि सांधे यांबद्दल मी आग्रहाने सांगेन, कारण घाटावरच्या गाडीत जे वायरिंग दहा वर्षे टिकते ते आपल्या किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत कुजते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेले आठ महिने खारे वारे, यांत नुसत्या पीळ मारून काळी टेप गुंडाळलेल्या सांध्याचा टिकाव लागत नाही. टेपच्या कडेने ओल शिरते, तांब्याच्या तारा आधी काळ्या पडतात, मग हिरव्या होतात, आणि ही कीड आवरणाच्या आत वितभरसुद्धा पोहोचलेली असते. म्हणून जुनी तार आत लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापा, सांधा कथलाने झाळून घ्या आणि त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह तापवून बसवा. मीटरची अर्थ हँडलच्या रंगवलेल्या नळीला लावू नका. तिची वेगळी काळी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्या, कारण गंजलेल्या स्टीअरिंगच्या गोळ्यांतून येणारी अर्थ हँडल वळवले की तुटते. कनेक्टरमध्ये थोडे व्हॅसलिन भरा. मीटरला जाणाऱ्या सर्व तारांना खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी मीटरच्या मागच्या भोकात न जाता झोळाच्या तळाशी गळून जाईल. सर्व्हिसिंगला गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा मीटरवर मारू देऊ नका. पावसाला टिकणारा मीटर त्या फवाऱ्याला टिकतोच असे नाही.

शिफ्ट लाइट किती आकड्यावर लावावा, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी तोही प्रश्न पुढे येणारच. आरएक्स १०० ची कमाल शक्ती ७५०० आरपीएमला आणि कमाल टॉर्क, म्हणजे ओढ, ६५०० ला मिळतो. दिवा दिसून हात-पाय हलेपर्यंत आकडा थोडा वर जातोच, म्हणून मी ७००० च्या आसपास ठेवेन. इंजिन नुकतेच बोअर करून घेतले असेल तर पहिले काही दिवस ५००० च्या खालीच ठेवा. कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना हा दिवा फार उपयोगी पडतो, कारण चारच गिअर असल्याने दिवा पेटण्याआधी वरचा गिअर टाकला तर इंजिन टॉर्कच्या खाली घसरते आणि पुढच्या वळणावर पुन्हा खालचा टाकावा लागतो. उतरताना मात्र दिव्यावर नव्हे, आकड्यावर नजर ठेवा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून खालच्या गिअरवर चढ्या आकड्याने लांब उतार उतरलात तर पिस्टन कोरडा पडू लागतो. आकडा चढू लागला की ब्रेक लावा आणि मधूनमधून थोडी रेस द्या.

एवढे करूनही उड्या राहिल्या तर प्लगवरचा पूर्ण क्रमांक, मध्यम रेसला बॅटरीवर मिळालेले व्होल्ट आणि खडूच्या दोन रेघा थांबल्या तेव्हा मीटरवर दिसलेला आकडा, या तीन गोष्टी इथेच लिहा. त्यांवरून पुढे काय तपासायचे ते सांगता येईल.