'हाऊ आर यू'ला उत्तर काय द्यायचं? (आणि क्लास लावायचा का?)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. नागपूरच्या मिहानमधली नवी नोकरी, रात्रीची शिफ्ट, अमेरिकन क्लाएंट 'हाऊ आर यू' म्हणतो अन् तुमची बोबडी वळते. माझंही सुरुवातीला हेच होऊन राहिलं होतं. हाय-हॅलो तुम्हाला येतं, ते सोडतो.

पानठेल्यावर कोणी 'काय म्हणता भाऊ' म्हटलं तर आपण 'बस, मजेत' म्हणतो अन् खर्रा घोटायला सांगतो ना? तेवढंच समजा. 'गुड, थँक्स. हाऊ आर यू?' म्हणायचं अन् कामाचं बोलायचं. 'व्हॉट्स अप'ला 'नॉट मच' पुरतं. इंग्लंडवाला 'यू ऑलराइट?' म्हणाला तर आपली तब्येत खराब वाटली का, या विचारात पडू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, सीताबर्डीत तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का. इथे माझं डोकं तापते. मी गेलो त्या क्लासचं नाव घेत नाही. डेमो लेक्चर एकदम झकास, मग पूर्ण फी आधी. हाती झेरॉक्सचा गठ्ठा. त्यात 'हाऊ डू यू डू'चं उत्तर 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू' असं छापलेलं, अन् आख्खी बॅच ते एका सुरात म्हणायची. अहो, त्याचं रीतसर उत्तर परत 'हाऊ डू यू डू' हेच असते! तेही पहिल्या ओळखीला, अन् आता जुन्या वळणाचे लोकच म्हणतात. सरांना डिक्शनरी नेऊन दाखवली तर म्हणे, 'इथे आमचा सिलॅबस चालतो.' फी परत मागितली तर काउंटरवरच्या मॅडम रोज 'सर बाहेर गेले'. शेवटी म्हणाल्या, पावतीच्या मागे वाचा. पैसे गेले ते गेलेच, पण तो पाठांतराचा सूर जिभेवरून जाता जात नव्हता. पहिल्या नोकरीत टीम लीडनं त्याच्यावरूनच मला कॉलवरून काढून चॅटवर बसवलं.

सगळेच क्लास असे नसतील. मीही काही इंग्रजीचा मास्तर नाही, सपोर्टच्या कॉलपुरतं सांगतो. हॉटेलात रिसेप्शनला असाल तर 'गुड इव्हिनिंग, सर' म्हणावंच लागते. पण लावायचाच असेल तर महिन्याची फी भरा. एकरकमी मागितली की उठा.

अजून एक. 'नाइस टू मीट यू' पहिल्या भेटीला, नंतर 'नाइस टू सी यू'. 'गुड नाइट' फक्त निरोपाला. रात्री बारा वाजता कॉल उचलला तरी नाही. अन् कॉलवर 'गुड मॉर्निंग'च्या फंदात पडूच नका, 'हाय' अन् क्लाएंटचं पहिलं नाव बस. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे बारा, हिवाळ्यात सकाळचे अकरा. ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्या आठवड्यात मीटिंगची वेळ आधीच विचारून ठेवा.