महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आणि पहाटे 3 ची जाग

श्रावण संपत आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो, "मॅडम, घरी सणाचं जेवण आहे, 20-25 माणसं येणारेत आणि मला आत्तापासूनच झोप नाही, माझं काही बिघडलंय का?" असं खूप जणींना होतं हो. एका ताईंचं सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताई मूळच्या मराठवाड्यातल्या, आता पुण्यात फ्लॅटमध्ये. सासूबाई गेल्या आणि महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, यांच्याकडे आल्या, त्याला 4 वर्षं झाली. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठावर पूजा नि जेवण, मुळावर विसर्जन, त्यात खरा जीव जातो तो मधल्या दिवशी. पुरणपोळी, 16 भाज्या, कढी, आंबील, पंचामृत, वडे, भजी, आणि नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. 3 आठवडे आधीपासून ताईंना पहाटे 3 ला जाग, छातीत धडधड, मुलांवर खेकसणं सुरू. मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, थायरॉइड नि बीपी बघून घ्या म्हटलं, कारण प्रत्येक धडधड मनाचीच असते असं नाही. (सण होऊन गेल्यावरही झोप येत नसेल तर तुम्हीही कुणालातरी भेटाच, अंगावर काढू नका.) रिपोर्ट नॉर्मल आले.

पहिल्या भेटीत सगळं बोलणं पदार्थांचंच. दुसऱ्या वेळी मी विचारलं, मागच्या वर्षी काय झालं होतं? ताई बराच वेळ गप्प, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, पुरण सैल झालं. शिजलेल्या डाळीतला कट नीट निथळला नव्हता, त्यात गूळ पडल्यावर ते आणखी पातळ, कितीही आटवलं तरी चमचा उभा राहीना आणि बाहेर पंगत बसलेली. पोळ्या तव्यावर फुटत होत्या तेवढ्यात नात्यातल्या एक बाई आत डोकावल्या, "वहिनींच्या हाताची सर नाही आली बाई." वहिनी म्हणजे ताईंच्या सासूबाई. हे सांगताना ताईंचे डोळे भरून आले. 22 माणसांचा स्वयंपाक त्यांना येतच होता, ते वाक्य परत ऐकायची ताकद नव्हती, आणि म्हणून सगळं एकटीनेच आणि बिनचूक करायचं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी कागद दिला. मदत मागितली तर काय होईल असं वाटतं ते वर लिहा, खाली जागा सोडा, मागून झाल्यावर काय झालं ते तिथे लिहा. ताईंनी वर लिहिलं, 'जाऊबाई म्हणतील हिला झेपत नाही.' फोन करायला त्यांना 4 दिवस लागले. आणि जाऊबाई काय म्हणाव्यात, "अगं मी दरवर्षी वाट बघते तू सांगशील म्हणून, आपणहून आले तर तुला राग येईल असं वाटायचं." मला हे ऐकून खरंच भरून आलं, एकाच घरातल्या दोघी 4 वर्षं एकमेकींना घाबरून होत्या.

मग कामं वाटली. पुरण त्यांच्याकडे आदल्या दिवशीचं चालत नाही, त्यामुळे ते पहाटेच, पण जाऊबाईंच्या हाती, डाळ चाळणीवर अर्धा तास निथळत ठेवून. भाज्या निवडायला आदल्या रात्री नवरा नि मुलगा.

सणानंतर ताई आल्या. त्या बाई याही वर्षी आल्या होत्या, कढीत मीठ कमी म्हणाल्या. "मग?" मी विचारलं. "मग काय, मीठ वाढलं." आणि पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला, खालची जागा भरली होती. 'दुसऱ्या पंगतीला मी आणि जाऊबाई शेजारी बसलो. पुतणी लाटत होती, हे भाजत होते. पोळी गरम खाल्ली.'