मफलरला उलटी बाजू नकोच!

प्रश्न : ताई, माझी मुलगी शिकायला ग्लासगोला चालली आहे. तिला वेण्या आणि जाळी असा दोन्हींचा मफलर हवाय. वेण्यांचा एक मी अर्धा विणला. समोरून सुरेख दिसतो, पण गळ्याभोवती एक वेढा घेतला की मागची बाजू वर येते आणि सगळी शोभा जाते. दोन्हीकडून सारखा दिसेल असं काही सुचवाल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्वेटरची उलटी बाजू अंगाकडे राहते, ती कोण बघतंय? मफलरची मात्र चारचौघांत फडफडते. म्हणूनच स्वेटरच्या पुस्तकातली वेणी उचलून मफलरवर घालू नये, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या अर्ध्या मफलरची कड शिवून टोपी करा. टोपीला आतली बाजू कशीही चालते.

नव्या मफलरसाठी लागणारी वीण तुम्हाला येतेच : स्वेटरची बॉर्डर, १ सुलट १ उलट. ही वीण आकसते. सुलट टाक्यांचे खांब वर उठतात, उलट टाके त्यांच्यामधल्या खाचांत दडतात, आणि पलटून पाहिलं तरी तेच दिसतं. वेणीसुद्धा याच विणीत घालायची. वेणीचे १२ टाके धरा. त्यातले पहिले ६ तिसऱ्या, आखूड सुईवर घेऊन कामाच्या पुढे ठेवा. डाव्या सुईवरचे पुढचे ६ आधी १ सुलट १ उलट असे विणा, मग पुढे ठेवलेले ६ तसेच विणा. दोन्ही गट सुलटाने सुरू होतात आणि उलटाने संपतात, त्यामुळे अदलाबदल झाली तरी क्रम मोडत नाही. गंमत म्हणजे पीळही दोन्ही बाजूंनी एकाच दिशेचा दिसतो. दोरी कुठूनही पाहा, पीळ तोच असतो ना, तसं.

आता जाळी. मुलगी स्कॉटलंडलाच चाललीय, तर तिथल्या शेटलंड बेटांच्या जाळीदार शाली तिला जरूर बघायला सांगा. त्या बेटांवरच्या आणि रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली इतक्या तलम, की अंगठीतून ओढून दाखवतात. त्यांतल्या बऱ्याच शालींची जमीन दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली असते, म्हणून पाठ-पोट फारसं वेगळं भासत नाही. मग तीच जाळी आपल्या वेणीशेजारी का नको? सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड उंचीला दबतं. बॉर्डरची वीण तशी दबत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या तर ओळी तेवढ्याच असून एक पट्टी आखूड पडते, दुसरी फुगते, आणि मफलर चुरमडल्यासारखा दिसतो. टाके मोजून हा घोटाळा सापडत नाही, कारण टाके बरोबरच असतात.

त्यामुळे मी तुम्हाला साधी जाळी सांगते : दोरा सुईवर घ्या, पुढचे दोन टाके एकत्र उलट विणा, पुन्हा दोरा, पुन्हा दोन एकत्र उलट. प्रत्येक ओळ हीच, मागची काय नि पुढची काय. दिसायला बारीक मासेमारी जाळं, दोन्हीकडून एकच. दोरा इथे पुढेच असतो. तो सुईवरून मागे नेऊन खालून परत पुढे आणायचा, पूर्ण एक वेढा. अर्धा वेढा घेतला की भोक पडत नाही आणि टाके कमी होतात.

एकूण टाके ४४ : काठाचे २, वेणी १२, जाळी १६, वेणी १२, काठाचे २. टाके घातल्यावर पहिली ओळ जाळीच्या जागी नुसती उलट विणा. काठाला प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता घ्या आणि दुसरा सुलट; शेवटचे दोन्ही सुलट. वेणीचा पीळ दर १६ ओळींनी, नेहमी त्याच बाजूने. त्या बाजूला एक सेफ्टी पिन लावून ठेवा, कारण दोन्ही बाजू सारख्या झाल्या की कुठली कुठली हे तुम्हालाच कळणार नाही! १२ ओळींवर पीळ दिला तर वेणी ताठ होते, गळ्याला टोचते. मध्यम जाडीची लोकर, ५ मिलिमीटरच्या सुया. अडीचशे ग्रॅम घेऊन ठेवा, एकाच लॉटची.

आणि हो, पिळाच्या प्रत्येक ओळीत टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. या जाळीतला निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणणं महाकठीण. दोरा असेल तर तिथपर्यंत बिनधास्त उसवता येतं.

प्रश्न : अमेरिकन नमुन्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. मी ८ नंबरच्याच घेतल्या, तरी मफलर पट्ट्यासारखा अरुंद आणि घट्ट होतोय. माझा हात घट्ट आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हाताला दोष देऊ नका. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत : नंबर मोठा, सुई बारीक. अमेरिकेत उलटं. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, आपली ८ नंबरची ४ मिलिमीटरची. तुम्हाला आपल्याकडची ६ नंबरची हवी. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

प्रश्न : जाळी नीट उघडावी म्हणून विणून झाल्यावर इस्त्री फिरवू का? लोकर ॲक्रिलिकची आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको! तापलेली इस्त्री टेकली की ॲक्रिलिकचा जीव जातो. कापड लुळं पडतं आणि पुन्हा कधीच पूर्वीसारखं होत नाही. खऱ्या लोकरीचा असेल तर कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सतरंजीवर पसरा. टाचण्या फक्त जाळीच्या पट्टीच्या दोन्ही कडांना लावा. वेण्यांना हात लावू नका, त्या ताणल्या की खाचा उघडतात आणि लपलेले उलट टाके बाहेर येतात. ॲक्रिलिकला हे ताणणं फारसं टिकत नाही, म्हणून त्यासाठी सुई सुरुवातीलाच अर्ध्या मिलिमीटरने जाड घ्यावी. तुमचा विणून झालाच असेल तर धुऊन सपाट वाळवा आणि वापरायला काढा.