चांगल्या डोळ्यालाच पट्टी का?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं की उजव्या डोळ्याने तिला मोठी अक्षरं सोडून काहीच वाचता येत नाही, डावा मात्र ठणठणीत. तिने कधी तक्रारच केली नव्हती हो! उजव्याचा नंबर +५ आणि डाव्याचा +१ निघाला. 'लेझी आय' आहे म्हणाले, आता चष्मा दिलाय आणि चार महिन्यांनी बघून चांगल्या डोळ्याला पट्टी लावू म्हणतात. चांगला डोळा झाकून ठेवला तर तोही बिघडणार नाही का? सासूबाई म्हणतात मोठी झाली की आपोआप जाईल. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याचंही टेन्शन आलंय.

उत्तर : ताई, आधी एक सांगते, तुमचं लक्ष नव्हतं असं अजिबात मनाला लावून घेऊ नका. तिरळेपणा असला की आईबापांना दिसतो, पण नंबरातला फरक बाहेरून दिसत नाही, आणि एक डोळा छान चालत असला की मुलाला काही कमी आहे असं वाटतच नाही, तिच्यासाठी जग असंच असतं.

होतं काय, की दोन्ही डोळे फोकस एकत्रच करतात. +१ वाल्याला जेवढा जोर लागतो तेवढा लावून मेंदू थांबतो, मग +५ वाल्याचं चित्र कायम धूसर राहतं आणि हळूहळू मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. म्हणून 'आळशी डोळा' हे नाव मला कधी पटलं नाही, डोळा बिचारा काम करायला तयारच असतो. आणि म्हणूनच पट्टी चांगल्या डोळ्याला, कारण तो झाकल्याशिवाय मेंदू दुसऱ्याकडे वळून बघत नाही. चांगल्या डोळ्याची नजर पट्टीने थोडी उतरू शकते, पण हे क्वचित होतं, आणि लक्षात आलं की बहुतेक वेळा परत येते. फक्त फॉलोअपची तारीख चुकवू नका.

आत्ता चष्मा दिवसभर हवा, नुसता अभ्यासापुरता नको. काही मुलांची नजर चार महिन्यांत चष्म्यानेच एवढी सुधारते की पट्टीची गरजच पडत नाही.

पट्टी लागलीच तर ती थेट कातडीवर चिकटवायची आणि वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर कापड लावलं की पोरं नाकाच्या बाजूने अशी काही डोकावतात की विचारू नका, आणि आई खूश की दोन तास झाले! तास किती ते डॉक्टर सांगतील. मध्यम त्रासाला दिवसाला २ तास ६ तासांइतकेच उपयोगी पडतात हे २००३ च्या एका अभ्यासात दिसलंय. त्या वेळात रंगवणं, मणी ओवणं, ठिपके जोडणं असं जवळचं काहीतरी द्या. पहिले काही दिवस रडारड होणार, कारण तिला खरंच नीट दिसत नसतं, तो हट्ट नाही. अगदीच जमलं नाही तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब टाकून तो तात्पुरता धूसर करतात, तोही चांगला पर्याय आहे.

सासूबाईंना सांगा की हे आपोआप जात नाही. वयाच्या सातव्या वर्षाआधी उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात, नंतरही फायदा होतो पण कमी आणि सावकाश. आणि नजर सुधारली म्हणून पट्टी आपल्या मनाने बंद करू नका, साधारण चारातल्या एका मुलाची नजर वर्षभरात परत घसरते.

धाकट्याला लगेच दाखवा, हे घरात एकाला असलं की भावंडांमध्ये निघू शकतं. अक्षरं येत नाहीत म्हणून थांबू नका, थेंब टाकून डोळ्यात उजेड मारला की त्याला एक शब्दही न विचारता नंबर कळतो, फक्त पुढचे काही तास त्याला उजेडाचा त्रास होईल म्हणून टोपी सोबत न्या.