क्रूझवरून फुकेतला उतरताय? एकच किनारा धरा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डिसेंबरात सिंगापूरहून निघणारी पेनांग-फुकेत क्रूझ ठरली आहे. तुम्ही दोघं, ६ आणि ११ वर्षांची मुलं आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. थायलंडमधल्या फुकेत बेटावर एकच दिवस मिळतोय. एजंट म्हणतोय फी फी बेटांची स्पीडबोट सहल घ्या, मुलं म्हणतायत नुसतं समुद्रावर खेळायचं, आणि सासूबाईंचं काय करायचं ते ठरत नाहीये.

मी या बाबतीत मुलांच्या बाजूने आहे. फी फी या वेळी सोडा.

कारण वेळेचं गणित. मोठं जहाज फुकेतच्या पातोंग किनाऱ्याला येतं तेव्हा ते खाडीत दूर नांगर टाकून उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्याला नेतात. जहाजाच्या कंपनीकडून सहल घेतलेल्यांना बहुतेक वेळा आधी सोडतात, बाकीच्यांना नंबराची चिठ्ठी घेऊन थांबावं लागतं. म्हणजे जहाज सकाळी ८ ला पोहोचलं तरी पाचही जणांचे पाय वाळूला लागेपर्यंत १० वाजले असं धरून चाला. आता फी फीच्या बोटी सुटतात फुकेतच्या पूर्व किनाऱ्यावरून, आणि पातोंग आहे पश्चिमेला. आधी गाडीने डोंगर ओलांडून पलीकडे जा, मग तासाभराची बोट, आणि हे सगळं पुन्हा उलट. मधे हातात उरतं ते किती? शिवाय जाहिरातीत दिसणारा फी फीचा तो माया बे किनारा प्रवाळ वाचवण्यासाठी २०१८ मध्ये बंद केला होता. २०२२ मध्ये पुन्हा उघडला, पण तिथे आता पोहायला बंदी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, फोटो काढायचे आणि निघायचं. सहा वर्षांच्या मुलाला एवढा प्रवास करून पाण्याजवळ नेऊन ‘आत जायचं नाही’ सांगणं मला तरी जमणार नाही. आणि स्पीडबोट लाटांवर अक्षरशः आपटत जाते. पाठीचा किंवा सांध्यांचा त्रास असलेल्या माणसाला त्यात बसवू नये, हे मी अगदी ठामपणे सांगते.

तेव्हा एकच किनारा आणि तोही जवळचा. आता तुम्ही इंटरनेटवर वाचाल की पातोंग गजबजलेला आहे, त्यापेक्षा काता किंवा करोन सुंदर. खरं आहे ते. दोघंच असता तर मीही काताला जा म्हटलं असतं. पण तुमच्याबरोबर एक लहान मूल आणि दुखरे गुडघे आहेत. स्वच्छतागृह, सावली, खाणं आणि परतीची बोट हे चारही पायी अंतरात असणं ही त्या दिवशी सौंदर्यापेक्षा मोठी गोष्ट असते. पातोंगचा किनारा सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. बोटीतून उतरल्याबरोबर दिसेल तिथे पथारी पसरू नका, थोडं चालून गर्दी आणि वॉटर स्कूटरचा आवाज मागे टाका. छत्री आणि बसायची सोय भाड्याने मिळते. भाव आधी विचारा आणि पैसे देताना पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

सासूबाईंना छोट्या बोटीत चढायला जमेल का, हे त्या दिवशीच्या पाण्यावर अवलंबून आहे. जहाजाचा फलाट आणि बोट दोन्ही हलत असतात, मधे एक पाऊल टाकावं लागतं. दोन खलाशी दोन्ही दंड धरतात आणि ‘आता’ म्हणाले की पाय टाकायचा. आपण घाई करायची नाही, मागची रांग थांबते. डिसेंबरात त्या बाजूचा समुद्र बहुधा शांत असतो, कारण तिथला जोरदार पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. माझ्या आईने हे नीट केलं, आणि तिचेही गुडघे काही फार चांगले नाहीत. पण आदल्या रात्री त्यांनाच विचारा. किनाऱ्याच्या दिवशी जहाज रिकामं असतं, डेकवर निवांत खुर्ची मिळते, जेवण चालू असतं. राहायचं म्हणाल्या तर त्यांना वाईट वाटलंय असं समजून आग्रह करू नका.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसले ते. आपल्या नाशिकच्या मुलांना पोहता येतं, पण त्यांना समुद्र येत नाही. त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात सफाईने पोहणारं मूलसुद्धा लाटेत गोंधळतं, कारण तलावाचं पाणी त्याला ओढत नाही. आणि आपल्याला मोठ्यांना धोका ओळखायची सवय आहे ती नदीची. गोदावरीला पाणी आलं की रंग बदलतो, आवाज बदलतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत चढलंय ते बघून अख्खं गाव सावध होतं. समुद्राचा धोका याच्या नेमका उलटा दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा सपाट, शांत, थोडा गडद आहे, अशी जागा दिसली की आपल्याला वाटतं मुलांना इथेच उतरवू. तीच जागा सगळ्यात वाईट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्या पट्ट्यातून जोरात आत परत जात असतं. याला रिप करंट म्हणतात. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमतो. तो प्रवाह खाली ओढत नाही, आत नेतो. म्हणून अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, त्या पट्ट्याबाहेर पडेपर्यंत. हे अकरा वर्षांच्या मुलाला निघण्याआधी घरीच कागदावर चित्र काढून समजावून सांगा. त्याला कळेल. धाकट्यासाठी नियम एकच: पाण्यात असताना मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात, आणि तो मोठा माणूस मोबाइल खिशात ठेवलेला.

झेंडे बघा. लाल-पिवळा झेंडा म्हणजे तिथे जीवरक्षक लक्ष ठेवून आहेत, दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, मग बाकीचे पर्यटक काहीही करत असोत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे घरात भिंतीवरच टांगलेली असते. त्या दिवशीची तिथी बघून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आगेमागे. ती वेळ आपल्या किनाऱ्याची. फुकेतची वेळ तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघायची. पण उधाण आहे की भांग, हे दोन्हीकडे सारखंच. उधाणाचा दिवस असेल तर चपला, पिशव्या आणि सासूबाईंची खुर्ची ओल्या वाळूच्या रेषेच्या बरीच वर ठेवा.

जेलीफिशबद्दल घाबरवत नाही, पण माहीत असू द्या. त्या पाण्यात बॉक्स जेलीफिश अधूनमधून आढळते आणि तिचा डंख गंभीर असतो. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, व्हिनेगर ओतायचं आणि जीवरक्षकाला हाक मारायची. थायलंडमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, पोहोचल्यावर तो खांब कुठे आहे ते बघून घ्या. मुलांना लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला, डंखापासून आणि उन्हापासून दोन्हींपासून बचाव होतो.

ऊन हा विषय आपण हलक्यात घेतो, कारण नाशिकहून निघताना स्वेटर अंगावर असतो आणि निफाडचा पारा पाच-सहावर गेल्याच्या बातम्या चालू असतात. फुकेत विषुववृत्तापासून फक्त ८ अंशांवर आहे, आपण २० वर. डिसेंबरातही दुपारचं ऊन तिथे चांगलंच डोक्यावर येतं, आणि वाळू-पाण्यावरून परतणारं वेगळंच. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर. झिंक ऑक्साइडचं घ्या. प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत.

खाण्याचं सोपं आहे. कोंडाजीचा चिवडा, खाकरा असं सीलबंद पाकिटातलं सोबत ठेवा. जहाजावरच्या बुफेतलं उघडं अन्न किंवा फळं बाहेर नेऊ देत नाहीत. किनाऱ्यावर शहाळं आणि समोर कापून दिलेलं अननस उत्तम. सासूबाई कट्टर शाकाहारी असतील तर एक लक्षात ठेवा: तिथे भाज्यांच्या पदार्थातही माशाचा सॉस सर्रास घालतात. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ) लिहिलेलं दुकान शोधा. त्या पद्धतीच्या जेवणात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो.

वॉटर स्कूटर भाड्याने घेऊ नका. आधीचे ओरखडे दाखवून पैसे मागण्याचे प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालू आहेत. प्रवाळाचे तुकडे खिशात घालून आणू नका, कायद्याने गुन्हा आहे. आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या किनाऱ्याने फार सोसलंय. त्सुनामीच्या वेळी कुठल्या रस्त्याने उंचावर जायचं याच्या पाट्या लावलेल्या असतात, उतरल्यावर एकदा मुलांना दाखवा.

परतीची वेळ हा शेवटचा आणि अगदी महत्त्वाचा मुद्दा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज बऱ्याचदा सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतं, पण किनाऱ्यावर पाय ठेवताच तुमचा मोबाइल आपोआप थायलंडची वेळ दाखवू लागतो. जहाजावर ४ पर्यंत या असं सांगितलं असेल आणि तुम्ही मोबाइलमधले ४ बघून निघालात, तर तासभर उशीर झालेला असतो. स्वतः हिंडायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. म्हणून एक साधं मनगटी घड्याळ जहाजावरच्या घड्याळाशी लावून न्या आणि दिवसभर फक्त तेच बघा. शेवटच्या बोटीवर भरवसा ठेवू नका, तिच्यासाठी सगळ्यात लांब रांग असते. दीड-दोन तास आधी वाळू झटकायला सुरुवात करा. काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात, त्यामुळे त्याची प्रत आणि जहाजाचं कार्ड पाण्यात न भिजणाऱ्या पाऊचमध्ये, शक्यतो गळ्यात.

राहिलं सासूबाईंना फिरवण्याचं. ते मलेशियातल्या पेनांगला करा. तिथे जहाज बहुधा स्वेटनहॅम पिअरला थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीची भानगड नाही, आणि बाहेर पडलं की समोर जॉर्ज टाउन शहर. लिटल इंडिया तिथून जवळच आहे, शाकाहारी जेवण सहज मिळतं, आणि क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मन मंदिर १८३३ मधलं आहे. सकाळी ऊन चढायच्या आत आधी देऊळ, मग जेवण, आणि दुपारी जहाजावर परत.