आधी दाखला, मग धडा

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, सकाळी उठून परत वाचला. सहावीतल्या पोरानं उभं राहून विचारलं, "सर, आमच्यात ग्रामसभा होतच नाही, शिपाई वही घेऊन घरोघरी सह्या घेत फिरतो, मग पुस्तकातलं खोटं हाय का?" आणि तू "पुढच्या तासाला सांगतो" म्हणालास. त्याला तीन आठवडे झाले. स्टाफरूममध्ये विचारलंस तर दहावीलासुद्धा राज्यशास्त्र बाराच मार्काचं, सहावीत कशाला खोदत बसतोस असं ऐकून घेतलंस. आता मला विचारतोयस की पुस्तकाची बाजू घेऊ का पोराची, आणि अगदी शेवटी, बारीक आवाजात बोलल्यासारखं, की बाई हे सोडून एमपीएससीच करू का.

एमपीएससीचं तुझं तू बघ. त्या पोराचं मला बोलू दे.

तू खरं-खोटं ठरवायला बसलासच कशाला? त्या पोरानं तुला वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न हातात आणून दिला आणि तू निकाल द्यायच्या काळजीत पडलास. आधी दाखला, मग धडा. म्हणजे आधी खरा पुरावा बघायचा, मग पुस्तक. तू दहावीत होतास तेव्हा फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात हे कायम लिहिलेलं असायचं, फळा पुसणारं पोरगंसुद्धा तेवढं सोडून पुसायचं. विसरलास?

ग्रामसभेचा दाखला म्हणजे काय, तर नोटीस. सात दिवस आधी लावावी लागते. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब झालेली सभा परत भरली की तिला गणपूर्तीची अटच नाही. एवढं वर्गात सांग आणि गप्प बस. खरंच गप्प बस, तुझी बोलायची घाई मला माहितीय. गावात मतदार किती ते पोरं घरून विचारून येतील, समजा दोन हजार निघाले, त्याचे १५ टक्के तीनशे, म्हणजे शंभर माणसांवर भागतंय. मग त्यातलंच कोणीतरी म्हणेल की देवळापुढं शंभर माणसं बसलेली आम्ही तर कधी बघितली नाहीत. एखादी पोरगी विचारेल की आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते ती कुठं झाली. माझ्या वर्गात विचारलं होतं. पुस्तकात नियम आहे, गावात वागणूक आहे, दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघायचं हाच तुझा तास. आणि तू कुठं शिकवतोयस ते तरी बघ रे, कुंडलच्या शेजारी! कुंडल जुन्या औंध संस्थानातलं, त्या औंधच्या राजानं १९३९ साली आपणहून गावपंचायतींच्या हातात कारभार देणारी घटना केली, देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी. त्या मातीतल्या पोरानं ग्रामसभेचं विचारलं आणि त्याला तीन आठवडे उत्तर नाही.

चिडतेय मी, पण हे सोपं आहे म्हणून सांगत नाही. मी यात एकदा चांगलीच पोळलेय.

७३ वी घटनादुरुस्ती नवी होती तेव्हाची गोष्ट, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेली, बायका सरपंच व्हायला लागलेल्या, मी नुसती पेटलेली होते. आठवीचा वर्ग घेऊन थेट पंचायतीत गेले. ग्रामसेवक भला माणूस, त्यानं ग्रामसभेचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय ठरलं आणि कोण हजर होतं त्याची वही, पोरांपुढं उघडून ठेवलं. एक पोरगा सह्यांवरनं बोट फिरवत फिरवत थांबला आणि म्हणाला, "बाई, माझ्या आज्याची सही!" आजा जाऊन दोन वर्षं झालेली आणि सभा त्याच साली झालेली. पोराला त्यातलं काही कळलं नव्हतं, त्याला नुसता आनंद झाला होता, तो त्या सहीवरनं परत परत बोट फिरवत होता. मला कळलं. ग्रामसेवकाला कळलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं, तिघंजण बसलेले होते, पुढ्यात कोरा कागद ठेवला. यापुढे असं होणार नाही असं मी लिहून दिलं. ह्यांची नोकरी गेली होती, पोरं लहान, पतपेढीचं कर्ज, आणि मी लिहून दिलं ते चूक असं मी आजही म्हणणार नाही, घर चालवायचं होतं, माझ्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना म्हणायला पाहिजे होतं की तुमचं काही चुकलेलं नाही. ते मी म्हणाले नाही. त्याला कर्ज आडवं येत नव्हतं. त्या पोरानं नंतर वर्षभर हात वर केला नाही, आणि ह्या गोष्टीला तीस वर्षं होत आली तरी मला त्याचा बाक कुठला ते आठवतंय.

म्हणून सांगते, पहिला दाखला गावाचा घेऊच नकोस, शाळेचा घे. क्लार्ककडनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या पोरांच्या नोंदीचं, माग, जितकं जुनं मिळेल तितकं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे, रजिस्टर वर्गात न्यायचं नाही, पोरांना पाच-पाच जणांच्या गटानं ऑफिसात आणायचं, आणि आत्ता शाळेत असलेल्या पोरांची पानं उघडायची नाहीत. माझ्या पोरांना पहिल्या दहा मिनिटांत काय दिसलं माहितीय का, पान उलटावं तिथं जन्मतारीख १ जून. "बाई, सगळे एकाच दिवशी कसे जन्मले?" मग आपोआप जन्माची नोंद, अडाणी आईबाप, गुरुजींनी अंदाजानं टाकलेली तारीख, सगळं निघालं. मग शाळा सोडल्याचं कारण हा रकाना. मुलींच्या पुढं घरकाम, लग्न, परत घरकाम. एका मुलीनं मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता रडायला लागली, कारण त्यात तिच्या आईचं नाव आलं. सावित्रीबाई आपल्या नायगावच्या हे तिला पाठ होतं, पण त्यांनी काय केलं ते त्या रकान्यापाशी तिला कळलं असं मला वाटतं. आणि हे झालं की मग सातारच्या शाळेतल्या त्या रजिस्टरबद्दल सांग, ७ नोव्हेंबर १९०० ला ज्यात आंबेडकरांचं नाव लागलं. विद्यार्थी दिनाला पोरं भाषण पाठ करून म्हणतात ना, त्यांना ती नोंद कशी असते ते आधी स्वतःच्या शाळेत बघू दे. आधी दाखला, मग धडा.

अर्थशास्त्राचं तू लिहिलंयस की ते भूगोलाच्या पुस्तकात शेवटी येतं आणि भूगोलवाले उरकून टाकतात. मग तू घे ना. नववीच्या पोरांना घरातलं जुनं ऊसबिल आणायला सांग, नाव झाकून. २०२४-२५ चा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातनं निघणारी साखर) क्विंटलला ३४० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. उतारा १२.२५ धरला तर किती? पोरं मांडतील, टनाला ४,०६४. मग बिलात एवढे का नाहीत? तोडणी-वाहतूक वजा होते. किती दिवसांत द्यायचे? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवस लिहिलंय, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कुठल्या वर्षाचा उतारा धरायचा यावरनं भांडण का होतं? एका कागदात अख्खं अर्थशास्त्र आहे आणि तो कागद प्रत्येकाच्या ट्रंकेत आहे.

प्रत्येकाच्या म्हणाले, पण नाही. हेही मला एका पोरीनंच शिकवलं. बीडकडची, आईबाप ऊस तोडायला आलेले, चारपाच महिने आमच्या वर्गात मागच्या बाकावर. सगळ्यांनी बिलं आणली, ती रिकामी आली. मला वाटलं विसरली, मी सगळ्यांसमोर बोलले तिला. ती म्हणाली, "बाई, ते तोडणीचे वजा होतात ना, ते आमचे असतात, पण आमच्याकडं त्याचा कागद नसतो, मुकादमाच्या वहीत असतं." आणि मग तिनं उचल म्हणजे काय ते सांगितलं, हंगामाच्या आधी घेतलेले पैसे आणि ते फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. ज्या पोरांच्या घरचा ऊस तिच्या आईनं तोडला होता ती पोरं ऐकत होती. मी खुर्चीवर बसूनच राहिले. तुझ्या वर्गात अशी पोरं असणार, दिवाळीनंतर बघ. ज्याच्याकडं कागद नाही त्याला आधी विचार, कागद का नाही. तोही दाखलाच आहे.

राजकारण नको असं तुला सांगतात. बरोबरच सांगतात, आणि तू करूही नकोस. पक्षाचं नाव घ्यायचं नाही, कोणाच्या काकाचं नाव घ्यायचं नाही, दोन्ही बाजूंचे कागद ठेवायचे, आणि निष्कर्ष पोराच्या वहीत राहू द्यायचा, फळ्यावर आणायचा नाही. एवढं पाळलंस तर तुला कोणी हात लावणार नाही असं मी म्हणत नाही, लावतील कदाचित. पण पोरांपुढं मान खाली घालायची वेळ येणार नाही.

आता एकच सांगायचं राहिलंय आणि ते मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

पत्री सरकार, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याकडं इंग्रजांविरुद्ध उभं राहिलेलं समांतर सरकार, मी किती वर्षं शिकवलं असेल. नाना पाटील, तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली गाडी, न्यायदान, दारूबंदी, टीप लिही चार मार्क. गठ्ठेच्या गठ्ठे तपासले. आणि ते गठ्ठे मी ज्या सोप्यात बसून तपासायचे तिथंच माझ्या सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. त्यांचं माहेर कुंडलच्या बाजूचं. एकदा मी कोणाला तरी शेणोलीचं सांगत होते तर त्या मधेच म्हणाल्या, "आम्ही पोरी भाकरी नेऊन द्यायचो शाळवाच्या रानात, कुणासाठी ते विचारायचं न्हाई." मी हो हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपर द्यायचे होते. नंतर विचारू म्हणलं. पुढच्या तासाला सांगतो म्हणालास ना तू, तसंच.

अकरा वर्षं त्या माझ्या घरात होत्या. कोण होती ती माणसं, किती भाकरी, कोण थापायचं, पोलीस आले तर काय सांगायचं ठरलं होतं, भीती वाटायची का, काही विचारलं नाही. मी, जी दुसऱ्यांच्या पोरांना आधी दाखला मग धडा म्हणून दमदाटी करत होते. त्या गेल्या आणि त्यांच्या तेराव्याला त्यांच्या धाकट्या बहिणीनं मला एक बुट्टी दाखवली, म्हणाली हीच की ती, हिच्यातनंच न्यायचो, वर शेण्या ठेवून. मी त्या आजींना तरी तेव्हा नीट विचारलं. दोन वह्या भरल्या. पण सासूबाईंचं ते एकच वाक्य माझ्याकडं आहे.

तुझ्या शाळेच्या आसपास नव्वदीच्या पुढच्या अजून कोणीतरी असतील बघ. पोरांना सोमवारीच पाठव, परीक्षा झाल्यावर नको, सुट्टी लागल्यावर नको. आणि त्या सहावीतल्या पोराला आधी सांग की तुझ्या प्रश्नाला मी उशीर केला, चूक माझी.

रविवारी येऊन जा. ती बुट्टी माळ्यावरनं काढून पुसून ठेवलीय, दोन्ही वह्या आत आहेत, तुझ्या वर्गात ने. बूड सैल झालंय, एसटीत बसताना दोरीनं बांधून मांडीवर घेऊन बस, वरच्या रॅकवर टाकू नकोस.

तुझी,
बाई