जुन्या गाडीच्या ब्रेक डिस्कचे जाम झालेले स्क्रू कसे काढावेत?

पुढच्या चाकाची डिस्क बदलायला घेतली, ती हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक निघाला, दुसरा हलत नाही आणि त्याची चौफुलीची खाच झिजू लागली आहे, असे आपण लिहिले आहे. सर्वप्रथम स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवावा, कारण खाच जितकी शिल्लक आहे तितकेच आपले भांडवल आहे.

या स्क्रूचे डोके शंकूच्या आकाराचे असून ते डिस्कमधील तशाच खळग्यात रुतून बसते. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, त्यामुळे आट्यांइतकाच किंबहुना त्यांच्याहूनही अधिक हा शंकू जखडलेला असतो. म्हणून नुसता पीळ देण्यापेक्षा डोक्यावर सरळ ठोका देणे अधिक उपयोगी पडते. खाचेत नेमक्या मापाचे टोक बसवून (येथे बहुधा ३ नंबरचे लागते, आणि पुष्कळ जण २ नंबरच्या टोकानेच खाच खराब करून घेतात) त्यावर हातोडीचे चार-पाच खणखणीत ठोके द्यावेत, मग आट्यांत शिरणारे तेल दोन-चार थेंब सोडून रात्रभर थांबावे. तेलाचा फवारा मारू नये. डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेक पॅडवर तेल गेले तर ते पॅड बदलावेच लागतात.

दुसऱ्या दिवशी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. ठोका बसताच तो टोकाला आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडे फिरवतोही, त्यामुळे खाचेतून टोक निसटत नाही. त्याची दिशा उलटी, म्हणजे सैल करण्याची आहे, हे ठोकण्यापूर्वी पाहून घ्यावे. घाईत मी एकदा स्क्रू आणखी घट्ट करून बसलो होतो. हे काम कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवण्याआधीच करावे, म्हणजे कोणी ब्रेक दाबून धरला की डिस्क फिरत नाही. गाडी केवळ जॅकवर असताना मात्र एकही ठोका देऊ नये. खाली भक्कम स्टँड हवेतच.

ज्योतीने तापवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो येथे देणार नाही, कारण जवळच रबरी सील, होज आणि पेट घेणारे ब्रेक ऑइल असते, शिवाय क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंश तापला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

एवढे करूनही स्क्रू हलला नाही, तर डोके ड्रिलने उडवण्यास कचरू नये. चाक बसल्यावर डिस्कला चाकाचे नट किंवा बोल्टच आवळून धरतात. हा स्क्रू चाक काढलेले असताना ती जागेवर राहावी एवढ्यापुरताच असतो. मध्यभागी पंचाने खूण करून आधी बारीक भोक पाडावे, मग स्क्रूच्या आट्यांच्या मापाचे, म्हणजे ६ मि.मी.च्या स्क्रूला तेवढेच बिट, कमी वेगाने चालवावे. डोके सुटले की डिस्क बाहेर येते आणि ताण गेलेला उरलेला तुकडा अनेकदा लॉकिंग पकडीने सहज फिरतो. एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला स्क्रू उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) मात्र शेवटी, आणि तोही जपून वापरावा. तो अतिशय कठीण पोलादाचा असतो. आत तुटला तर साध्या बिटने त्याला भोक पडत नाही, आणि मी हे एका संध्याकाळी चांगलेच अनुभवले आहे.

नवीन स्क्रू बसवताना आटे व शंकू ब्रशने स्वच्छ करून त्यांना अँटी-सीझचा (आटे पुन्हा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात द्यावा आणि स्क्रू बेताने आवळावा.

कॅलिपरवरील ब्लीडर निपलला (ब्रेक ऑइलमधील हवा काढण्याच्या पोकळ स्क्रूला) मात्र यांपैकी ठोकाठोकीचा उपाय लावू नये. तो आतून पोकळ असल्याने लगेच तुटतो. त्यावर सहा कोनांचा बॉक्स पानाच घालावा, हलक्या टिचक्या मारून तेल मुरू द्यावे, आणि सैल करण्यापूर्वी किंचित घट्ट करून पाहावे. गंजाची पकड पुष्कळदा त्या उलट्या हालचालीनेच सुटते.